व्हीडीआरएलचा कागद कसा वाचायचा?

१. फोन आला, कागद आला

नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव या पट्ट्यात रक्तदान शिबिर ही नेहमीची गोष्ट आहे. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचं वर्षश्राद्ध, गणपतीत तर असतंच. शिबिर झाल्यावर आठवड्याभरात एखाद्या तरुणाला रक्तपेढीतून फोन येतो. "दादा, एकदा येऊन जा. समोर बसून बोलू." गेल्यावर कळतं, 'व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह' आलीय. दुसरीकडे पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आलेल्या सुनेच्या कार्डावर हेच दोन शब्द लिहिलेले असतात. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, मलेरिया आणि सिफिलिस. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीतही सिफिलिसची चाचणी असतेच. त्यामुळे ज्यांना कसलाही त्रास नाही, ज्यांनी कधी अशी शंकाही घेतली नाही, अशा माणसांच्या हातात हा कागद पडतो.

मग प्रश्न येतात, आणि ते सगळीकडे तेच असतात. मला गरमी झालीय का? कधी झाली? कुणाकडून आली? नवऱ्याला सांगायचं का? इंजेक्शन घेतलं, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच कसा येतो? या प्रश्नांपायी घरं मोडलेली आहेत. कित्येकदा ती मोडली, ती आजारापेक्षा कागद चुकीचा वाचल्यामुळे. म्हणून आधी तो कागद नीट समजून घेऊ.

२. जंतू समोर धरता येत नाही

सिफिलिसला आपल्याकडे गरमी म्हणतात, वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत उपदंश. तो ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या जंतूमुळे होतो. १९०५ साली बर्लिनमध्ये शॉडिन आणि हॉफमन यांनी हा जंतू पहिल्यांदा दाखवला. तो मळसूत्रासारखा पिळलेला आणि इतका बारीक असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या पद्धतीने रंगवूनही दिसत नाही. त्यासाठी पार्श्वभूमी काळी ठेवणारा खास सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तोही जखम ताजी ओली असेल तेव्हाच उपयोगी पडतो. थुंकीतला टीबीचा जंतू जसा प्रयोगशाळेत वाढवून दाखवतात, तसा हा रोजच्या प्रयोगशाळेत वाढवता येत नाही.

रोगाचा स्वभावही लपण्याचा आहे. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर एक जखम येते. हा काळ १० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत कितीही असू शकतो. जखम बहुधा एकच, कडेने टणक आणि न दुखणारी असते. बाईच्या बाबतीत ती आत असेल तर कळतही नाही. काही आठवड्यांत ती आपोआप भरून येते. माणसाला वाटतं, बरं झालं. पुढे कधी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं आणि तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, पण जंतू शरीरात असतो. काही जणांत तो फार उशिरा हृदय, रक्तवाहिन्या किंवा मेंदूवर घाला घालतो.

जंतू पकडता येत नाही आणि लक्षणं टिकत नाहीत. अशा वेळी प्रयोगशाळेपुढे एकच वाट उरते. जंतूला उत्तर म्हणून शरीराने रक्तात जे तयार केलं आहे, म्हणजे प्रतिपिंडं, त्यांचा शोध घ्यायचा.

३. बैलाच्या हृदयाचा अर्क

१९०६ साली ऑगस्ट फॉन वासरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत पहिली रक्तचाचणी काढली. त्यांनी सिफिलिसने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. त्यात जंतू ठासून भरलेले असतात, म्हणून रुग्णाचं रक्त त्या अर्काशी प्रतिक्रिया देतं, असा त्यांचा तर्क होता. पण लवकरच लक्षात आलं, की जंतूचा लवलेशही नसलेल्या निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच चालते. म्हणजे रुग्णाच्या रक्तातली ही प्रतिपिंडं थेट जंतूला ओळखणारी नव्हतीच. ती एका चरबीसारख्या पदार्थाला ओळखत होती. जंतू पेशींची नासधूस करतो तेव्हा असा पदार्थ बाहेर पडतो, आणि बैलाच्या हृदयातही तो भरपूर असतो. मेरी पँगबॉर्न या अमेरिकन संशोधिकेने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तो शुद्ध रूपात वेगळा काढला. त्याचं नाव कार्डिओलिपिन.

१९४६मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेने याच कार्डिओलिपिनवर एक सोपी, स्वस्त चाचणी बसवली. त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे व्हीडीआरएल. आपल्याकडे कोलकात्याची इन्स्टिट्यूट ऑफ सेरॉलॉजी ही सरकारी संस्था त्यासाठी लागणारं अँटिजेन बनवत आली आहे. आज बऱ्याच ठिकाणी याच चाचणीचं सुधारलेलं रूप, आरपीआर, वापरतात. आतलं तत्त्व दोन्हींचं एकच.

आरपीआर करताना पाहण्यासारखी असते. एक गुळगुळीत पांढरं कार्ड असतं, त्यावर गोल आखलेले. तंत्रज्ञ एका गोलात रक्तजलाचा थेंब टाकून तो गोलभर पसरतो. त्यावर अँटिजेनचा एक थेंब पडतो. या अँटिजेनमध्ये कोळशाची बारीक पूड मिसळलेली असते. कार्ड यंत्रावर आठ मिनिटं गोल गोल फिरतं. प्रतिपिंडं असतील तर काळे कण एकमेकांना चिकटून पुंजके बनतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसतात. नसतील तर गोल एकसारखा राखाडी राहतो. एवढीच ती परीक्षा. वीज असेल, हात सरावाचा असेल आणि अँटिजेन थंड जागी नीट ठेवलेलं असेल, तर तालुक्याच्या रुग्णालयात ती बिनचूक होते.

पण तिचा पाया लक्षात ठेवायला हवा. ही चाचणी जंतूला पाहत नाही. पेशींची मोडतोड झाल्याची खूण पाहते. अशी मोडतोड इतर कारणांनीही होते: मलेरिया, कुष्ठरोग, टीबी, काही विषाणूंचे ताप, ल्युपससारखे आजार, म्हातारपण, कधी कधी नुसतं गरोदरपण. या सगळ्यांत व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह येऊ शकते आणि माणसाला सिफिलिस मुळीच नसतो.

४. भुंकणं आणि ठसा

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे समजावताना मला बिबट्याची आठवण येते, कारण इथल्या उसात तो मुक्कामालाच असतो. रात्री वस्तीवरची कुत्री जोरात भुंकायला लागली, की घरातले सावध होतात. भुंकण्यावरून काहीतरी आलंय एवढं कळतं. तो बिबट्या असेल, कोल्हा असेल, परका माणूसही असेल. सकाळी बांधावर ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसला तर मात्र शंका राहत नाही, बिबट्याच आला होता. आता हा ठसा कुणी पुसलाच नाही आणि माती वाळून घट्ट झाली, तर बिबट्या पिंजऱ्यात सापडून माणिकडोहच्या निवारा केंद्रात गेल्यावरही ठसा तिथेच राहणार. कुत्री मात्र गप्प झालेली असतात.

व्हीडीआरएल किंवा आरपीआर म्हणजे हे भुंकणं. कशामुळे, ते ती सांगत नाही, पण गडबड चालू असताना जोरात असते आणि उपचार लागू पडल्यावर मंदावते. दुसऱ्या जातीची चाचणी, टीपीएचए, म्हणजे ठसा. तिच्यात तांबड्या पेशींवर खुद्द या जंतूचे अंश चढवलेले असतात, म्हणून ती नेमकी असते. पण एकदा सिफिलिस झालेल्या बहुतेकांत ती जन्मभर पॉझिटिव्ह राहते, मग तो माणूस वीस वर्षांपूर्वी ठणठणीत बरा झालेला का असेना.

पूर्ण इलाज घेऊनही रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याचं कोडं इथे सुटतं. नोकरीच्या किंवा परदेशी जायच्या तपासणीत टीपीएचए पॉझिटिव्ह आली म्हणून पुन्हा पुन्हा इंजेक्शनं टोचून घेणारी माणसं असतात. ठसा पुसण्यासाठी औषध नसतं आणि त्याची गरजही नसते.

दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर सिफिलिस आहे किंवा होता. आधी पुरता उपचार झाल्याचा कागद नसेल तर उपचार करायचाच. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह असेल तर बहुधा खोटा इशारा असतो, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. उलट, टीपीएचए पॉझिटिव्ह आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह म्हणजे बरा झालेला जुना आजार असेल, नाहीतर अगदी नवी किंवा फार जुनी, उपचार न झालेली लागण असेल. इथे डॉक्टरांना नीट माहिती सांगावी लागते, चाचणी एकटी निर्णय देत नाही.

५. दहा हजारांचा हिशेब

एकाच चाचणीवर विसंबल्याने किती चूक होऊ शकते, ते समजुतीच्या आकड्यांवर करून पाहू. समजा, १०,००० गरोदर बायका तपासल्या आणि त्यांतल्या फक्त २० जणींना खरोखर सिफिलिस आहे. चाचणी बरी आहे. खऱ्या २० पैकी १८ पकडते आणि निरोगी शंभरांत एकीलाच चुकून पॉझिटिव्ह ठरवते.

निरोगी बायका ९,९८०. त्यांचा शंभरावा भाग म्हणजे जवळपास १००. एकूण पॉझिटिव्ह झाल्या ११८. त्यांत खऱ्या १८ आणि खोट्या १००. चाचणी ९९ टक्के बरोबर असूनही पॉझिटिव्ह आलेल्या सहाजणींपैकी पाचजणींना आजार नाही!

आता या ११८ जणींचीच दुसऱ्या जातीची चाचणी करू, तीही शंभरात एकदाच चुकणारी. खोट्या १०० जणींतली एखादीच उरेल, खऱ्या १८ बहुतेक सगळ्या टिकतील. दोन वेगळ्या पायांवर उभ्या असलेल्या चाचण्या एकापाठोपाठ लावल्यावर हा फरक पडतो. एचआयव्हीसाठी सरकारी केंद्रांत तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, त्यामागे हाच हिशेब आहे. पहिल्या कागदावर सुनेला माहेरी पाठवणाऱ्यांनी तो मांडून बघावा.

गरोदर बाईच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या चाचणीला उशीर होणार असेल तर पहिल्या पॉझिटिव्हवरच पेनिसिलीन द्यायला सुरुवात करतात. ज्या पाचजणींना आजार नव्हता त्यांना एक दुखरं इंजेक्शन जास्तीचं बसतं. ज्या एकीला होता तिचं बाळ वाचतं. इथे उपचारात घाई चांगली. घाई करायची नाही ती बोल लावण्यात.

६. १:३२ ही काय भानगड?

व्हीडीआरएलच्या कागदावर 'रिॲक्टिव्ह'पुढे १:८, १:३२ असा आकडा असायला हवा. त्याला टायटर म्हणतात. पॉझिटिव्ह आलेल्या रक्तजलात तेवढंच सलाईन मिसळून ते निम्मं पातळ करतात आणि पुन्हा तपासतात. हे झालं १:२. मग त्याच्या निम्मं १:४, पुढे १:८, १:१६, १:३२. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत पुंजके दिसतात तो टायटर. आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडं जास्त. खोटे इशारे बहुधा १:८च्या खाली असतात, पण खरा जुना आजारही तिथे असू शकतो, म्हणून लहान आकडा दिसला की कागद फेकून द्यायचा नाही.

टायटरचा खरा उपयोग उपचारानंतर होतो. समजा, इंजेक्शनाच्या दिवशी १:३२ होता. सहा महिन्यांनी १:८ आला. हा दोन पायऱ्यांचा, म्हणजे चौपट उतार आहे. उपचार लागू पडला. १:३२वरून १:१६ आला तर तो एका पायरीचा फरक, आणि एवढा फरक तेच रक्त दोनदा तपासलं तरी पडतो. त्यावरून आनंद नको आणि भीतीही नको. १:८चा वर्षभराने १:३२ झाला तर मात्र लागण पुन्हा झाली असावी किंवा उपचार अपुरा पडला असावा. काहींच्या रक्तात १:२ किंवा १:४ वर्षानुवर्षं रेंगाळतो, तेवढ्यावरून आजार चालू आहे असं ठरत नाही.

तुलना करायची तर चाचणी तीच हवी आणि शक्यतो प्रयोगशाळाही तीच. एकदा व्हीडीआरएल आणि पुढच्या वेळी आरपीआर केली तर आकडे जुळवून पाहण्यात अर्थ नाही. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहून दिलेला कागद पुढच्या डॉक्टरला जवळजवळ निरुपयोगी असतो. आकडा मागून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे.

७. चाचणी गप्प असते तेव्हा

जखम नुकतीच उमटली असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला अवकाश असतो. जखमेनंतर एक ते चार आठवड्यांनी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह होते. त्याआधीचा निगेटिव्ह कागद खात्रीचा नाही. दुसरा प्रकार याच्या उलटा. पुरळाच्या अवस्थेत प्रतिपिंडं इतकी जास्त असतात, की त्या गर्दीत पुंजकेच बनत नाहीत आणि चाचणी निगेटिव्ह दिसते. रक्तजल पातळ केलं की तीच ठळक पॉझिटिव्ह येते. म्हणून तळहातावर पुरळ आहे आणि चाचणी निगेटिव्ह आहे, असं दिसलं तर अनुभवी डॉक्टर प्रयोगशाळेला पातळ करून पुन्हा बघायला सांगतात.

जखम घेऊन आलेल्या माणसाला मात्र रिपोर्टसाठी थांबवून ठेवत नाहीत. सरकारी रुग्णालयांतल्या गुप्तरोग विभागांत, ज्यांना सुरक्षा क्लिनिक म्हणतात, वेगवेगळ्या रंगांची औषधकिटं असतात. साध्या जखमेसाठी पांढरं, पाण्याच्या फोडांसारख्या नागिणीच्या जातीच्या जखमेसाठी लाल, लघवीच्या जागेतून स्राव होत असेल तर राखाडी. लक्षण पाहून लगेच औषध द्यायचं, कारण दूरच्या वाडीवरून आलेला माणूस पुन्हा येईलच असं नसतं. या पद्धतीची मर्यादाही माहीत आहे. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांच्या जखमांची १९९०च्या दशकात जनुकीय चाचणीने तपासणी झाली. त्या कामात भोसरीची, १९९२ साली सुरू झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होती. हर्पीस, मृदुव्रण आणि सिफिलिस यांच्या जखमा दिसायला इतक्या सारख्या, की नजरेने केलेलं निदान बऱ्याचदा चुकत होतं. काहींना एकाच वेळी दोन आजार होते. म्हणून औषध लगेच घ्यावं, पण रक्त दिल्याशिवाय घरी जाऊ नये. सिफिलिसबरोबर एचआयव्हीचीही तपासणी त्याच वेळी करावी, कारण उघड्या जखमेतून एचआयव्हीची लागण अधिक सहज होते.

८. पोटातलं बाळ

या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं कारण बाळ आहे. उपचार न झालेल्या आईकडून जंतू वारेतून बाळाकडे जातो. गर्भपात होतो, बाळ मेलेलं जन्मतं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होतं. कधी जन्मतः छान दिसतं आणि काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो. हे टाळता येतं. बेंझाथीन पेनिसिलीनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन नव्या आजारात एकदा, आणि आजार जुना असेल किंवा कधीचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. प्रसूतीच्या किमान तीस दिवस आधी हे सुरू व्हायला हवं. आठव्या-नवव्या महिन्यात पहिल्यांदा रक्त तपासलं तर ही मुदत हुकू शकते.

बाळाची तपासणी हे वेगळंच कसब आहे. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात येतात, त्यामुळे बाळाची टीपीएचए पंधरा-अठरा महिन्यांपर्यंत आईमुळेच पॉझिटिव्ह असू शकते. ती बघून काही ठरत नाही. आई आणि बाळ दोघांचं शिरेतलं रक्त एकाच दिवशी, एकाच चाचणीने तपासतात. आईचा टायटर १:८ आणि बाळाचा १:४ असेल तर ते आईकडून आलेलं असू शकतं. आईचा १:८ आणि बाळाचा १:३२ असेल, म्हणजे चौपट, तर बाळाने ती स्वतः तयार केली आहेत. बाळाला लागण आहे. नाळेतलं रक्त यासाठी घेत नाहीत, त्यात आईचं रक्त मिसळायची भीती असते.

९. कार्ड बीडचं, कोपी पारगावची

शिरोलीचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन साखर कारखाने सुरू झाले, की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली तरी काम थांबत नाही. तिची नावनोंदणी गावाकडे झालेली, रक्त तिथे दिलेलं, रिपोर्ट येईपर्यंत ती इथे कोपीवर, टोळीच्या झोपडीत. पहिलं इंजेक्शन एका जिल्ह्यात, दुसरं चुकलं, तिसरं कुठे घ्यायचं ते कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी टायटर बघायचा, तेव्हा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला, आणि टोळी परत गेलेली. दसऱ्यानंतर नारायणगावातून बाहेर पडणारे तमाशाचे फड, महामार्गावरचे ट्रकचालक, टोमॅटोच्या हंगामापुरते आलेले मजूर, यांची अडचणही हीच. यांतल्या कुठल्याही कामाला हा आजार चिकटलेला नाही. आजार कुणालाही होतो. फिरत्या माणसाचा पाठपुरावा मात्र तुटतो, आणि तो जोडणं ही आरोग्ययंत्रणेची जबाबदारी आहे, बाईची नव्हे.

यासाठी बोटाच्या थेंबावर होणारी पट्टी मोलाची आहे. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही दाखवणारंही किट आहे. तळेघर किंवा आपटाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, अगदी कोप्यांवर जाऊनही ती करता येते. पट्टी ठशाच्या जातीची असल्याने जुना बरा झालेला आजार ती वेगळा काढू शकत नाही. म्हणून पुढे टायटरसाठी रक्त द्यावंच लागतं. पण बाई समोर असतानाच उपचार सुरू होतो, हे फार मोठं काम आहे.

जोडीदाराची तपासणीही त्याच आठवड्यात व्हायला हवी. गेल्या तीन महिन्यांत संबंध आला असेल तर त्याची चाचणी निगेटिव्ह आली तरी त्याला उपचार देतात, कारण तो अजून चाचणी गप्प असण्याच्या काळात असू शकतो. आणि कुणाकडून आली, याचं उत्तर कुठल्याही चाचणीत नसतं. लागण सहा महिन्यांपूर्वीची की लग्नाआधीची, हे टायटर सांगत नाही.

जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयांत किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशकाला भेटा. १०९७ या मोफत क्रमांकावरही विचारता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते; नावनोंदणी आणि पहिली रक्ततपासणी मात्र पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या. कागद हातात पडला की तीन गोष्टी पाहा: चाचणीचं नाव, टायटरचा आकडा, तारीख. यांतलं एखादं जरी नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि तो कागद माता-बाल कार्डाला टाचून ठेवा.